मठी आधी की देऊळ

१९५८ सालचा पौष, वद्य पंचमी, दिवस मावळायच्या आधी. महादेवाच्या मंडपात सतरंजी अंथरली होती आणि तिच्यावर चारशे बारा रुपये आठ आणे मोजून ठेवले होते. हजर होते गावचे पाच पंच, बुडीत गावचे पाटील, पौडहून आलेला गवंडी आणि मी. नवे पैसे सुरू होऊन वर्ष होत आलं होतं, पण देवाच्या कामाचा हिशेब आमच्याकडे अजून आण्यांतच चाले.

गुरवीण मावशीला कुणी बोलावलं नव्हतं. ती मंडपाच्या पायरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिचं घर देवळाला चिकटूनच, तेव्हा तिथून उठ म्हणायची सोय नव्हती. बोलणं सगळं तिच्याच घराबद्दल होतं.

आमचं गाव मुळशीच्या तलावाच्या वरच्या अंगाला, ताम्हिणीकडे जाताना लागतं. देऊळ जुनं, काळ्या दगडाचं, हेमाडपंती म्हणतात त्यातलं. दगडावर दगड ठेवत गेलेलं, मध्ये चुना नाही. तोंड पूर्वेला. पुढं खांबांचा मंडप, मागं गाभारा. कळस नाही. पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधायला घेतलं, कोंबडा आरवला आणि कळस राहिला, असं आमच्याकडे सांगतात. गाभाऱ्याच्या उत्तर भिंतीला लागून एक ठेंगणी दगडी खोली आहे. तिला मठी म्हणतात. कोणे एके काळी तिथं कुणी बाबा राहत असे, एवढंच ठाऊक. मी कळता झाल्यापासून तिथं गुरवाचं घर होतं. गुरव वारला, मूलबाळ नव्हतं, मावशी एकटी राहिली. सोमवारची पूजा तिचा पुतण्या नेऱ्याहून येऊन करी. रोजची झाडलोट आणि दिवाबत्ती तिच्याकडे.

बुडीत गावच्या पाटलांची गोष्ट वेगळी. धरणाचं पाणी चढलं तेव्हा त्यांचं गाव तलावाखाली गेलं. त्यांच्या माणसांनी भैरोबाचा तांदळा, म्हणजे शेंदूर माखलेली शिळा, पाटीत घालून डोक्यावरून वर आणला आणि आमच्या खिंडीत ठेवला. वर चार पत्रे टाकले. पाटील तेव्हा ऐन पंचविशीत होते, आता केस पांढरे झाले होते आणि भैरोबा अजून पत्र्याखालीच होता. दर आषाढात ताम्हिणीचा वारा पत्रे उडवून नेई आणि पाटील भातखाचरांतून ते शोधत फिरत. आमच्या गावातले टवाळ म्हणत, गाव पाण्यात आणि पाटीलकी काठावर. पाटलांच्या कानावर ते येत असे.

तर ठरलं असं की मठी पाडायची. तिच्याच दगडांत तिथं भैरोबाला खोली बांधायची, म्हणजे दोन्ही देव शेजारी येतील आणि चैत्रातल्या उत्सवाला भैरोबा पक्क्या छपराखाली असेल. मावशीला पंच्याहत्तर रुपये द्यायचे, तिनं नेऱ्याला पुतण्याकडे जायचं.

"मावशे, ऐकलंस का?" पाटील म्हणाले.

"ऐकतीया. कान हायेत अजून."

"पंच्याहत्तर रुपये हायेत. थोडेथोडके न्हाईत."

मावशीनं सूप पाखडलं. "पंच्याहत्तर रुपयाला तुमचं गाव कोन परत देतंय का, त्ये आदी इचारून या."

पाटलांनी सतरंजीची कड नखानं उकरली. "ज्याचं जातं त्यालाच ठावं, मावशे. मला काय कळत न्हाई व्हय? पर माझा देव पावसात भिजतोय."

"आन मी जाऊन पुतन्याच्या पडवीत भिजते. व्हय ना?"

पंचांपैकी एकानं विषय मोडला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मुकादम, मठीचं माप तेवढं घ्या. दगूड किती निगंल, नवा किती लागंल, त्ये कळू द्या."

मी शेतकरी आहे, पण ताम्हिणीच्या रस्त्याचं काम चाललं होतं तेव्हा काही वर्षं तिथं मुकादम होतो. खडी-दगड ब्रासवर मोजायची सवय होती आणि घरात कापडी टेप होती. मुकादम हे नाव त्यामुळं कायमचं चिकटलं. मी हो म्हटलं. मावशीबद्दल वाईट वाटत होतं, पण माप घेण्यात काही चूक आहे असं मला वाटलं नाही. पाडायचं असो की ठेवायचं असो, माप खरं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. मावशी शेण लावून हात धूत होती. तीच पुढं आली.

"दे हिकडं. कुटं धरू?"

"तुम्ही कशाला, मावशी?"

"घर माझं. दुसरा कोन धरील?"

तिनं टोक भिंतीच्या कोपऱ्याला अंगठ्यानं दाबून धरलं, अगदी नीट, कामगारांपेक्षा नीट. मी मापं घेत गेलो. भिंतीतला दगड मोजायचा तर भिंतीची जाडी हवी. ती थेट मोजता येत नसेल तर रीत अशी, की बाहेरून एकंदर लांबी घ्यायची, आतल्या खोल्यांची मापं तिच्यातून वजा करायची, उरतील त्या भिंती. मठी आणि गाभारा एकमेकांना चिकटलेले म्हणून मी दोन्हींची मिळून बाहेरची लांबी घेतली. ती पंचवीस फूट भरली. आत गाभारा नऊ, मठी सात. राहिले नऊ, आणि त्यात तीन भिंती.

दक्षिणेच्या भिंतीला झरोका आहे, त्यातून टेप घातली. चार फूट. गाभाऱ्याच्या दाराशी पुढची भिंत उघडी दिसते, तीही चार फूट. मठीची बाहेरची भिंत दाराशी मोजली, अडीच. म्हणजे मठी आणि गाभारा यांच्या मधली भिंत उरली ती अडीच फुटांची.

हे मला पटेना. गाभाऱ्याचं छत भारी आहे. चौकोनावर तिरका चौकोन, त्यावर पुन्हा लहान चौकोन, असे मोठाले दगड पुढं पुढं सरकवत वर नेलेत आणि अगदी मध्ये एका दगडात कमळ कोरलंय. ते सगळं ओझं चार भिंतींवर. ज्यानं बाकीच्या भिंती चार फुटांच्या ठेवल्या, तो चौथी अडीचची का ठेवील? मला वाटलं माझं चुकलं. मावशीला पुन्हा टोक धरायला लावलं. ती म्हणाली, "मगाच्यापरीस आता काय वाढलंय का घर?" पण धरलं. पुन्हा तेवढंच आलं.

जेवताना बायकोला सांगितलं. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "दीड फूट कमी भरलं? तुमच्या रस्त्यावर आसतं तर म्हनला आसता, ओव्हरशियरनं खाल्लं."

"तिथं ओव्हरशियर नव्हता. पांडव होते."

"मग भीमानं खाल्लं असंल."

मी हसलो, पण घास तोंडात घोळत राहिला. देऊळ एकाच माणसाच्या नजरेखाली उभं राहिलंय, हे कुणालाही दिसतं. खांब बघावेत, खाली चौकोनी, मध्ये आठकोनी, वर गोल, आणि सगळे एका मापाचे. असा माणूस एका भिंतीपुरता विसरत नाही. मग ती भिंत त्याची नसावी. पण आधी देऊळ आणि मग बाबा, असंच आम्ही धरून चाललो होतो. देव असतो म्हणून बाबा येऊन राहतो. उलटं कसं असेल?

संध्याकाळी पुन्हा गेलो, टेप न घेता. देवळाच्या बाहेरच्या अंगाला जमिनीपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत दगडाचे थर आहेत, एक पुढं आलेला, एक आत गेलेला, एक गोलाई दिलेला. पश्चिमेच्या बाजूनं हे थर मठीपर्यंत येतात आणि तिथं संपतात. मी बसून बघितलं. थर मठीच्या भिंतीमागं शिरत नव्हते. मठीला टेकायच्या आधीच त्यांची टोकं घडवून, कोपरा काढून, व्यवस्थित संपवली होती. मठी मागाहून बांधली असती तर तिची भिंत या थरांवर येऊन आदळली असती.

मग मठीच्या आत गेलो. गावातल्या पुरुषांपैकी कुणी तिथं आत गेल्याचं मला आठवत नाही. गुरवाचं स्वयंपाकघर ते, कोण कशाला जाईल? मावशीनं भांड्यांची उतरंड बाजूला घेतली. मला तिथं देवळाची पाठ दिसायला हवी होती, म्हणजे तेच थर. दिसली ती सपाट, घासून गुळगुळीत केलेली भिंत, धुरानं काळीभोर. तिच्यात एक कोनाडा आणि कोनाड्याखाली दगडी ओटा, एक माणूस मांडी घालून बसेल एवढा. मध्ये बसून बसून खोलगट झालेला.

"यावर तुम्ही निजता?"

"न्हाई रं बाबा. सासू सांगायची, ती बाबाची जागा. तिथं भांडं न्हाई ठेवायचं, अंग न्हाई टाकायचं. दिवा तेवढा लावायचा." कोनाड्यात पणती होती. "मी खाली निजते. घर त्येचं, आमी भाडेकरू."

मी पंचांना आणि पाटलांना जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं, ऐकतील. पाटील म्हणाले, "मुकादम, दीड फुटावरनं तुमी येवढं सांगता? त्या काळात कुनाची टेप व्हती?" एक पंच म्हणाला, "आन बाबा आदी आन म्हादेव मागनं, आसं कुटं आसतंय व्हय?" गवंडी तिथंच होता. तो म्हणाला, मठी फार तर पेशवाईतली, बघताक्षणी सांगतो. त्याचा शब्द मोठा पडला. काम सोमवारनंतर सुरू करायचं ठरलं.

मी परत आलो, पण डोक्यात आणखी एक गोष्ट आली होती. महादेवाच्या पिंडीवरचं पाणी गोमुखातून उत्तरेला बाहेर पडतं, हे लहान मूलही सांगेल. आणि ते ओलांडायचं नसतं म्हणून महादेवाला पुरी प्रदक्षिणा घालत नाहीत, गोमुखापर्यंत जाऊन परत फिरतात. आमच्या देवळातही लोक एका बाजूनं मठीपर्यंत, दुसऱ्या बाजूनं मंडपाच्या कडेपर्यंत जात आणि परत फिरत. मठी आणि मंडप यांच्यामध्ये जो काटकोनी कोपरा आहे, त्यात कुणी पाऊल टाकत नसे. त्याच्याखालून तीर्थ जातं असं सगळे मानत. माझे वडील तिथून परत फिरत, मीही फिरत असे. त्या कोपऱ्यात घाणेरी माजली होती, कापायलाही कुणी जात नसे.

पण गोमुख कुणी पाहिलं होतं? उत्तरेला तर मठी. आणि कुठला साधू तीर्थाच्या वाटेवर आपली चूल मांडील?

मावशी बेलाच्या झाडाखाली घागर उपडी करत होती. मी विचारलं, "मावशी, पिंडीवरचं पाणी कुठून जातं?"

"माझ्या कमरेवरनं जातंय."

"म्हणजे?"

"म्हंजी काय म्हंजी? पिंडीम्होरं खड्डा हाय, त्यात साचतंय. मी रोज वाटीनं उपसती, घागर भरती, हितं बेलाला आनून वतती. सासू वतायची, तिची सासू वतायची."

"मग गोमुख?"

"गोमुख आसतं तर माझी कंबर आशी झाली आसती व्हय?"

गाभाऱ्यात मी शेकडो वेळा वाकून नमस्कार केला असेन. तो खड्डाही पाहिला असेल, पाण्यानं भरलेला, वर बेलाची पानं तरंगत. गुरवाघरचा उपसा हा गावात सगळ्यांना ठाऊक होता. तो त्या घराण्याचा मान समजला जाई, बाकीचं पाणी उत्तरेनं जातंच असं सगळे धरून चालत. असं का करावं लागतं, हे मीही कधी विचारलं नव्हतं. खड्डा चौकोनी, कडा घडवलेल्या, देवळाबरोबरच केलेला. म्हणजे बांधणाऱ्याला पहिल्यापासून माहीत होतं की पाणी उत्तरेला जाणार नाही. शाळुंकेचं टोक त्यानं उत्तरेलाच ठेवलं, नियमाप्रमाणे. भिंतीला भोक मात्र पाडलं नाही. कारण भिंतीपलीकडे माणूस बसलेला होता. भिंत त्याची होती. त्याच्या ओट्यावर पाणी सोडण्यापेक्षा रोज हातानं उपसू, असं तेव्हा कुणीतरी ठरवलं असलं पाहिजे, आणि तो उपसा आजवर चालू होता.

हे मला तिथं बेलाखाली उभं असताना कळलं. मावशीला सांगितलं. तिनं घागर खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हंजी त्याला न्हाई उठीवलं."

"नाही उठवलं."

"आन मला उठवत्यात."

गवंडी ठरल्या दिवशी सकाळीच आला, बरोबर चार माणसं. मी पोचलो तोवर त्यानं मठीचं दार काढलं होतं. घर पाडताना पहिलं दार काढायची त्यांची रीत. चौकट वाळवीनं आतून पोखरलेली, बाहेर ओढताच तिचे तुकडे झाले. मावशीची भांडी, गोधड्या आणि पणती बाहेर अंगणात मांडून ठेवली होती. ती स्वतः गाभाऱ्यात होती. उपसा राहिला होता म्हणाली.

पाटील तिथं होतेच. मी त्यांना पाण्याची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, पण गवंड्याकडे बघितलं. गवंडी म्हणाला, "मुकादम, दगूड बोलत न्हाईत. पहार घातली की कळतंय." मी म्हटलं, घाला, पण एकच दगड, आणि जिथं मठीची पूर्वेची भिंत गाभाऱ्याला मिळते तिथला. तो मागाहून लावलेला असेल तर सुटा निघेल.

घाणेरी तोडून ते आत शिरले. पहार सांध्यात घातली. दगड बोटभर सरकला आणि अडला. गवंड्यानं हात आत घालून चाचपलं. चाचपत गेला, कोपरापर्यंत हात गेला. "लांब हाय. पार मधल्या भितीत शिरलाय." त्यानं पुन्हा जोर दिला. आतून मावशी ओरडली, "आरं थांबा! वरनं माती पडतीया, पिंडीवर पडतीया!"

सगळे आत धावले. छताच्या तिरक्या दगडांमधून बारीक माती गळत होती आणि खड्ड्यातल्या पाण्यावर पसरत होती. गवंडी वर बघत उभा राहिला. मग खाली बसून त्यानं पहार जमिनीवर ठेवली.

"ही भीत मठीची हाय," तो म्हणाला. "छत हिच्यावर टेकलंय. मठी काढली की भीत जाईल, भीत गेली की छत. पाटील, मग म्हादेव बी तुमच्या भैरोबाशेजारी पत्र्याखाली."

पाटील पायरीवर बसले. त्यांचा चेहरा मला बघवला नाही. पौडच्या गवंड्याला शोधणं, घरोघर वर्गणी मागणं, सगळं त्यांनी केलं होतं. "मग माझ्या देवानं कुटं जावं, मुकादम? सांगा. दीड फूट तुमालाच सापडला."

सांगण्यासारखं माझ्याकडे होतं. गवंड्याच्या माणसांनी नुकतीच घाणेरी तोडून मोकळा केलेला कोपरा समोरच होता. एका बाजूला मंडपाची भिंत, दुसऱ्या बाजूला मठीची, दोन्ही आयत्या. आणखी दोन भिंती घातल्या की खोली होते. मी तो दाखवला.

"त्याच्याखालनं तीर्थ जातंय!" पाटील उठून उभे राहिले. "देवाला तीर्थावर बशिवता?"

"तीर्थ मावशीच्या घागरीतून जातं."

"त्ये तुमी म्हंता. वरचं खड्ड्यात साचत आसंल, आन खालनं झिरपून जात बी आसंल."

ही शंका वाजवी होती, मला मान्य करावी लागली. मी म्हटलं, बघू या. पाटलांनीच रीत काढली. बायकांकडून हंडे आणवले आणि पिंडीवर एकामागून एक ओतायला लावले. आम्ही पुरुष कोपऱ्यात खाली बसून जमीन बघत राहिलो. गवंड्यानं तिथं पहारीनं हातभर खणलं होतं. खाली कातळ लागला, कोरडा, पांढऱ्या धुळीचा. आतून दर हंड्याला हाक येई, "वतला!" आणि पाटील बोट खड्ड्यात घालून बघत. कोरडंच. हंडे संपले. आत गाभाऱ्यात पाणी खड्ड्याबाहेर येऊन उंबऱ्याला टेकलं होतं, पण बाहेर एक थेंब आला नाही.

"थोडं थांबू," पाटील म्हणाले. थांबलो. एकानं विडी पेटवली. कातळ कोरडाच राहिला.

मावशी घागर घेऊन दारात आली, लुगडं पोटरीपर्यंत भिजलेलं. "झाली का तुमची परीक्षा? आता ह्ये कोन उपसनार? पाटील, धरा घागर."

"मी?"

"देव तुमचा येतोय शेजारी. शेजारधर्म नगं?"

पाटलांनी धोतर खोचलं आणि आत गेले. वाटीनं उपसत राहिले. बाहेर येताना त्यांची कंबर सरळ होईना. मावशी बेलाखाली उभी राहून म्हणाली, "हळू वता, मुळाला लागू द्या." टवाळांना त्या दिवशी बोलायला पुष्कळ मिळालं असतं, पण कुणी बोललं नाही.

कोपऱ्यात खोली बांधायची ठरली. मठीचे दगड मिळणार नव्हते, म्हणून ओढ्यातून नवा दगड गाडीनं आणावा लागला. मावशीसाठी काढून ठेवलेले पंच्याहत्तर रुपये त्यातच गेले. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझं घर इकलंच न्हाई, तर पैसं कशाचं?" सरकवलेला दगड गवंड्यानं पुन्हा होता तिथं बसवला. त्यात चुना भरू का म्हणून विचारलं, मी नको म्हटलं. बाकी कुठं नाही, तर इथं तरी कशाला.

चैत्रात भैरोबा आला. पाटलांनी तांदळा स्वतःच्या डोक्यावरून आणला, पाटीतच, जसा पहिल्यांदा आणला होता. त्यांचं बुडालेलं गाव देवळाच्या ओट्यावरून दिसत नाही, नुसतं पाणी दिसतं, पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या बांधांच्या रेषा वर येतात. ते बराच वेळ तिकडं बघत उभे होते. मग आत जाऊन त्यांनी नव्या भिंतीवर हात ठेवला आणि वारा लागतो का ते पाहिलं.

पुढं कामानिमित्त पुण्याला जाणं झालं, तेव्हा जुन्या देवळांची माहिती असलेल्या एका गृहस्थांना मी मापं दाखवली. देऊळ यादवांच्या काळातलं असावं, म्हणाले, मठी त्याआधीची, किती आधीची ते सांगता येणार नाही. बाबा कोण, कुठल्या पंथाचा, कुठून आला, हे तर कुणालाच सांगता येणार नाही. कळस का राहिला, हेही मला अजून कळलेलं नाही. छताच्या वर चढून पाहिलं, तिथं वरचे दगड बसवण्यासाठी खाचा पाडलेल्या आहेत. म्हणजे कळस करायचा होता. कोंबडा आरवण्यापेक्षा पैसे संपणं मला अधिक संभवनीय वाटतं, पण पुरावा नाही, तेव्हा ते मी गावात बोललेलो नाही.

गोमुख नाही हे सगळ्या गावानं डोळ्यांनी पाहिलं. तरी लोक आजही मठीपर्यंत जातात आणि परत फिरतात. मीसुद्धा फिरतो. बायकोनं एकदा विचारलं, आता कशाला? मी म्हटलं, तिथं माणूस बसला होता, त्याला ओलांडायचं नाही. तिला ते पटलं असावं, कारण तीही परत फिरली.

हिशेब असा झाला. गवंडी आणि त्याच्या माणसांना दोनशे शहाण्णव रुपये. दगडाच्या गाड्यांना पंच्याहत्तर. भैरोबाच्या स्थापनेला, शेंदूर, नारळ आणि जेवणाचं धरून, सत्तावीस रुपये आठ आणे. उरले चौदा. ते भैरोबाच्या घंटेला ठेवावेत असं पंचांचं म्हणणं होतं. पाटील म्हणाले, घंटेची घाई नाही, मावशी बिनदाराची निजते. ते चौदा रुपये सुताराला दिले, मठीच्या नव्या चौकटीचे आणि दाराचे.